शोपँ पियानो स्पर्धा, वॉर्सा २०२५ : निकाल पटला का?

करवीरकर (मूळ लेख, २२ ऑक्टोबर २०२५)

वॉर्सा येथील एकोणिसाव्या आंतरराष्ट्रीय फ्रेडरिक शोपँ पियानो स्पर्धेचा निकाल आपल्याकडे नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी कळला. तिकडे मध्यरात्र केव्हाच उलटून गेली होती आणि परीक्षकांची बैठक लांबतच चालली होती. अंतिम फेरी १८ ते २० ऑक्टोबर या तीन संध्याकाळी, म्हणजे धनत्रयोदशीपासून नरकचतुर्दशीपर्यंत झाली. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली रात्र, त्यामुळे घरात फराळाची आवराआवर चालू असताना मी हेडफोन लावून बसलो होतो आणि त्याबद्दल घरच्यांची बोलणीही खाल्ली.

पहिला क्रमांक अमेरिकेच्या २७ वर्षांच्या एरिक लू याला मिळाला. दुसरा कॅनडाचा केविन चेन आणि तिसरी चीनची झीटॉंग वांग. चौथा क्रमांक चीनची ट्यानयाव ल्यू आणि जपानची शिओरी कुवाहारा यांना विभागून देण्यात आला, पाचवा पोलंडचा पिओत्र आलेक्सेविच आणि मलेशियाचा व्हिन्सेंट ओंग यांना, तर सहावा अमेरिकेचा विल्यम यांग याला. पहिल्या बक्षिसाची रक्कम ६० हजार युरो आहे. परंतु या स्पर्धेत पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे त्यानंतर जगभरातून येणारी मैफलींची निमंत्रणे होत.

ज्यांनी ही स्पर्धा पूर्वी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९२७ साली येझी झुराव्हलेव या पोलिश पियानोवादकाने ती सुरू केली, साधारण दर पाच वर्षांनी ती भरते आणि तीत फक्त एकोणिसाव्या शतकातील पोलिश संगीतकार शोपँ याचेच संगीत वाजवायचे असते. यंदा सहाशेहून अधिक अर्ज आले होते. मुख्य स्पर्धेत ऐंशीहून अधिक वादक उतरले, दुसऱ्या फेरीत ४०, तिसऱ्या फेरीत २० आणि अंतिम फेरीत ११ उरले. अंतिम फेरीत यंदा प्रथमच 'पोलोनेझ-फँटसी' ही अवघड रचना सर्वांना सक्तीची होती आणि तिच्या पाठोपाठ वॉर्सा फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबर शोपँच्या दोन कन्चेर्तोंपैकी (पियानो आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या मोठ्या रचना, एक ई मायनर आणि दुसरा एफ मायनर या नावाने ओळखला जाणारा) एक वाजवायचा होता. परीक्षक सतरा होते आणि त्यांचे अध्यक्ष गॅरिक ओहल्सन होते, ज्यांनी १९७० साली हीच स्पर्धा जिंकली होती. पोलिश नसलेला अध्यक्ष या स्पर्धेला पहिल्यांदाच लाभला.

आता माझे मत. एरिक लू हा उत्तम वादक आहे याविषयी वाद नाही, पण तो पहिला येण्यामागे त्याच्या वादनाइतकाच गुण देण्याच्या पद्धतीचा वाटा आहे असे मला वाटते. प्रत्येक परीक्षक २५ पैकी गुण देतो. एखाद्याचा गुण बाकीच्यांच्या सरासरीपासून ठरलेल्या मर्यादेपलीकडे वर किंवा खाली गेला, तर तो त्या मर्यादेपर्यंत ओढून आणला जातो. शिवाय यंदा आधीच्या सर्व फेऱ्यांचे गुण शेवटच्या निकालात धरले गेले. याचा अर्थ असा की पाच परीक्षकांना वेड लावणारा आणि पाच परीक्षकांना वैताग आणणारा वादक या पद्धतीत वर येऊच शकत नाही. वर येतो तो, ज्याच्याबद्दल कोणाचीही मोठी तक्रार नाही. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

लाल माती

करवीरकर, पियानोतले मला फारसे कळत नाही, परंतु तुमचे गुणांचे विवेचन वाचून कोल्हापूरचे खासबाग कुस्ती मैदान आठवले. आमच्या वडीलधाऱ्यांच्या मते कुस्ती म्हणजे चितपट. पाठ लागली की निकाल लागला, आणि तो मैदानातल्या शेवटच्या माणसालाही दिसला. गुणांवरची कुस्ती आल्यापासून जिंकणारा पैलवान धोका पत्करीनासा झाला, असे ते म्हणतात. तुमच्या वॉर्सातही गुणांवरचीच कुस्ती दिसते. पण संगीतात चितपट करायचे कोणी कोणाला आणि ते ओळखायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

कोमल निषाद

निकाल मला पटलेला नाही आणि त्याचे कारण गुणपद्धती नाही. एरिक लू २०१५ साली याच स्पर्धेत सतराव्या वर्षी चौथा आला होता. २०१८ साली त्याने इंग्लंडमधील लीड्सची स्पर्धा जिंकली, त्यानंतर त्याला ध्वनिमुद्रणे मिळाली, मोठे वाद्यवृंद मिळाले. ज्याचे नाव आधीच झालेले आहे त्याने पुन्हा स्पर्धेत उतरून एखाद्या नवख्या मुलीची जागा अडवणे कितपत योग्य आहे? ट्यानयाव ल्यू किशोरवयीन आहे. तिने वाजवलेला ई मायनर कन्चेर्तो ऐकून मी उभा राहिलो, आणि उत्कृष्ट कन्चेर्तोसाठीचे विशेष पारितोषिक तिलाच मिळाले हे विसरू नका. तिला कोणी ओळखत नव्हते. स्पर्धा असते ती अशांसाठी.

करवीरकर

निषाद, ल्यूच्या कन्चेर्तोबाबत मी तुमच्याशी सहमत आहे. मात्र पुन्हा उतरण्याच्या मुद्द्यावर नाही. व्लादिमीर अश्केनाझी १९५५ साली वॉर्सात दुसरा आला, पुढच्याच वर्षी त्याने ब्रुसेल्सची स्पर्धा जिंकली आणि १९६२ साली, चांगले नाव झालेले असताना, मॉस्कोच्या चायकोव्हस्की स्पर्धेत उतरून जॉन ऑग्डनबरोबर पहिला क्रमांक वाटून घेतला. यंदाचा दुसरा आलेला केविन चेन तरी कुठे नवखा आहे? विसाव्या वर्षी त्याच्या नावावर जिनिव्हा आणि तेल अवीवची रुबिनस्टाइन स्पर्धा या दोन्ही आहेत. उलट मला तर लूचे कौतुकच वाटते, कारण त्याच्याकडे गमावण्यासारखे पुष्कळ होते. तो पहिल्याच फेरीत बाहेर पडला असता तर लीड्सचा मानही झाकोळला असता.

सोनचाफा

माझी मुलगी गेली काही वर्षे पियानो शिकते आहे, त्यामुळे हा धागा मी आवडीने वाचते आहे. मला एक वेगळी शंका आहे. एरिक लू याला शिकवणारे दांग थाय सोन आणि रॉबर्ट मॅकडोनल्ड हे दोघेही यंदा परीक्षक होते. २०२१ साली जिंकलेला ब्रूस लिऊ हाही दांग थाय सोन यांचाच शिष्य, आणि त्या वर्षीही ते परीक्षक होतेच. लागोपाठ दोन विजेते एकाच गुरूचे असतील आणि तो गुरू परीक्षकांच्या खुर्चीत बसलेला असेल, तर बाहेरच्या माणसाने काय समजावे? आपल्याकडे एका गायनस्पर्धेत परीक्षकांच्याच क्लासमधील तीन मुले पहिल्या तीन क्रमांकांवर आलेली मी पाहिली आहेत. त्या दिवशी माझ्या मुलीने मला परतीच्या वाटेवर एकच प्रश्न विचारला होता की, आई, मग आपण त्यांच्याकडेच क्लास का नाही लावला?

खर्ज

सोनचाफाताई, आपली शंका रास्त आहे आणि ती तिकडेही दर वेळी घेतली जाते. नियम असा आहे की आपल्या शिष्याला परीक्षक गुण देऊ शकत नाही. त्या रकान्यात गुणाऐवजी शिष्य असल्याची खूण येते आणि सरासरी उरलेल्यांच्या गुणांवर काढली जाते. स्पर्धा संपल्यावर कोणी कोणाला किती गुण दिले याचा तक्ता प्रसिद्ध केला जातो. त्यामुळे संशय घ्यायचा असेल तर निदान तो नावानिशी घेता येतो.

तरीही हा नियम पुरेसा नाही, असे माझे मत आहे. गुरू गुण देत नसला तरी त्याची आवड शेजारच्या खुर्च्यांना ठाऊक असते. यंदाच्या सतरांपैकी बरेच जण याच स्पर्धेचे जुने पारितोषिक-विजेते होते. ओहल्सन, दांग थाय सोन, केविन केनर, युलियाना अवदेयेवा, एवा पोब्वोत्स्का, सा चेन. म्हणजे या स्पर्धेने ज्यांना घडवले तेच आता नव्यांना निवडतात. जॉन रिंक यांच्यासारखे शोपँचे अभ्यासक आणि जॉन ॲलिसन यांच्यासारखे समीक्षक यंदा त्यांच्यात बसले होते ही त्यातल्या त्यात चांगली गोष्ट. वादक नसलेला माणूस बोटांच्या अडचणी पाहत नाही, तो ऐकतो.

दांग थाय सोन यांच्याविषयी मात्र एक सांगणे आवश्यक आहे. १९८० साली ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले आशियाई. त्यांच्या आई हनोईच्या संगीतशाळेच्या संस्थापकांपैकी एक, आणि अमेरिकी बॉम्बहल्ल्यांच्या काळात ती शाळाच खेड्यात हलवावी लागली होती. त्या परिस्थितीत पियानो शिकलेला मुलगा वॉर्सात पहिला आला, आणि त्यानंतरच्या पंचेचाळीस वर्षांत विजेत्यांच्या यादीत आशियाई नावे किंवा आशियाई वंशाची नावे कशी वाढत गेली ते पाहा. यंदाच्या आठ पारितोषिक-विजेत्यांमध्ये आलेक्सेविच सोडला तर सर्वांची मुळे आशियात आहेत.

कोमल निषाद

१९८० हे वर्ष काढलेत ते बरे झाले, कारण त्या वर्षी दांग थाय सोन जिंकले हे फार थोड्यांच्या लक्षात आहे आणि इव्हो पोगोरेलिच हरला हे सगळ्यांच्या. तिसऱ्या फेरीतून त्याला काढून टाकल्यावर मार्ता आर्गेरिच यांनी तो अलौकिक प्रतिभेचा वादक आहे असे सांगून परीक्षकपदाचा राजीनामा दिला. गंमत म्हणजे लुई केंटनर या दुसऱ्या परीक्षकाने तोच पोगोरेलिच पुढच्या फेरीत गेला म्हणून आधीच राजीनामा दिलेला होता. एकाच वादकावरून दोन राजीनामे, आणि दोन्ही विरुद्ध कारणांनी! करवीरकरांच्या सरासरीच्या सिद्धांताला याहून चांगला पुरावा कुठला हवा?

माझा आक्षेप एवढ्यावर थांबत नाही. अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज ऐन उमेदीच्या काळात बसला आणि त्यानंतर त्यांनी जी वक्र, पेचदार, दमसासाची परीक्षा पाहणारी गायकी घडवली तीच पुढे जयपूर-अत्रौली म्हणून नावारूपाला आली. त्या आवाजाला सतरा परीक्षकांपुढे उभे करून २५ पैकी गुण द्यायला सांगितले असते तर काय झाले असते? सरासरीपासून फार दूर म्हणून सगळे गुण ओढून मध्यावर आणले असते. शाहू महाराजांनी त्यांना कोल्हापूर दरबारात आणले तेव्हा कोणाची सरासरी काढली नव्हती. एका माणसाच्या कानाने निर्णय घेतला आणि त्या निर्णयातून केसरबाई आणि मोगूबाई घडल्या.

खर्ज

निषाद, तुमचा दाखला जबरदस्त आहे, पण तो अर्धाच आहे. एका कानाने निवड केली आणि तो कान शाहू महाराजांचा असला तर खाँसाहेब मिळतात. संस्थाने मात्र शेकड्यांनी होती, आणि तिथल्या कानांनी किती गुणी माणसांना दारातूनच परत पाठवले याचा तक्ता कोणी छापून ठेवलेला नाही. वॉर्सात तो छापला जातो. १९५५ साली आदाम हाराशेविच पहिला आणि अश्केनाझी दुसरा आला, तेव्हा परीक्षक मिकेलांजेली यांनी निकालपत्रावर सही करायला नकार दिला. २०१५ च्या अंतिम फेरीत फिलिप आंत्रमाँ या फ्रेंच परीक्षकाने सेओंग-जिन चो याला १० पैकी १ गुण दिला. बाकीच्यांनी भरभरून दिल्यामुळे चो तरीही पहिला आला आणि आज तो कुठे आहे हे आपण पाहतोच. तो १ गुण सर्वांना वाचता आला म्हणून त्यावर चर्चा तरी झाली. राजाश्रयात असा १ गुण कोणालाच कळत नसे.

दुसरे म्हणजे, योग्य कोणी नाही असे वाटले तर ही स्पर्धा पहिला क्रमांक देतच नाही. १९९० आणि १९९५ अशी लागोपाठ दोन वर्षे तो दिला गेला नाही. २००५ साली राफाव ब्लेहाच याला पहिला क्रमांक मिळाला आणि दुसरा रिकामा ठेवला, कारण त्याच्या जवळपास कोणी नव्हते असा त्याचा अर्थ. सरासरीवर चालणारी माणसे एवढी ठाम असत नाहीत.

लाल माती

दुसरा क्रमांकच रिकामा! ही मात्र चितपट झाली.

पेटीवाले

मंडळी, गुणांवर पुष्कळ झाले, आता वाजवण्यावर बोलूया. मी कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेच्या बैठका ऐकत मोठा झालो आणि आयुष्यभर साथीला पेटी वाजवली. करवीरकरांच्या आग्रहाखातर एरिक लूची अंतिम फेरी ऐकली. मला दोन गोष्टी समजावून घ्यायच्या आहेत. पेटीवर मींड नाही म्हणून आम्ही आयुष्यभर टोमणे ऐकले, आकाशवाणीने तर १९४० पासून तीस वर्षे पेटीला दाराबाहेर ठेवले. पियानोवरही मींड नाही, तरीही सगळे म्हणतात की लूचा पियानो गातो. तो गातो म्हणजे नेमके काय करतो? आणि दुसरे, त्याची लय मला मध्येच सैल झाल्यासारखी वाटली, पण सम चुकल्यासारखे कुठे वाटले नाही. हे कसे?

करवीरकर

पेटीवाले काका, हाच धाग्याचा खरा विषय आहे. पेटीचा स्वर भाता चालू असेपर्यंत टिकतो आणि भात्याच्या दाबाने तो थोडा फुलवताही येतो. पियानोत उलटे आहे. हातोडी तारेवर आपटून मागे येते आणि त्या क्षणापासून स्वर फक्त विझत जातो. वादकाला त्यात पुढे काहीही करता येत नाही. म्हणून एका स्वरातून दुसरा स्वर निघाल्याचा भास निर्माण करायचा तर पहिला स्वर विझत विझत जिथे पोहोचला आहे नेमक्या त्या पातळीवर दुसरा उचलावा लागतो. तो थोडा जोरात पडला तरी टोचल्यासारखा ऐकू येतो आणि भास मोडतो. त्यातच उजव्या पायाखालचे पेडल दाबले की सर्व तारा मोकळ्या होतात आणि न वाजवलेल्या ताराही मंद घुमू लागतात. ते अर्धे दाबायचे, पाव दाबायचे की मध्येच झटकून सोडायचे यावर सगळा रंग ठरतो.

'पोलोनेझ-फँटसी'ची सुरुवात पुन्हा ऐका. दोन भरीव स्वरसंघात येतात आणि मग खर्जातून वर चढत जाणारी एकेरी स्वरांची लांब माळ येते, हळू, जवळजवळ आलापासारखी. असे पुन्हा पुन्हा होते. बरेच स्पर्धक तिथे घाई करतात, कारण पुढे खूप वाजवायचे असते. लू तिथे थांबतो. शेवटचा स्वर पुरता विझेपर्यंत तो पुढचा संघात उचलत नाही. सभागृहातला खोकलासुद्धा तेवढा वेळ बंद होता.

त्यानंतर त्याने एफ मायनर कन्चेर्तो निवडला, हेही लक्षात घ्या. अंतिम फेरीत बहुतेक जण ई मायनर निवडतात, कारण तो लांब आहे, भरदार आहे आणि टाळ्यांना अनुकूल आहे. एफ मायनर खरे तर आधी लिहिलेला, शोपँ विशीच्या उंबरठ्यावर असताना. त्याची मधली संथ चाल, म्हणजे तीन भागांपैकी दुसरा भाग, कोन्स्तान्त्सिया ग्वाडकोव्स्का या तरुण गायिकेच्या ओढीने लिहिली हे त्याच्या पत्रावरून कळते. त्या चालीच्या मध्यावर तंतुवाद्ये एकदम थरथरू लागतात आणि त्यावर पियानोचे दोन्ही हात एकच स्वरावली वाजवतात, नाटकातल्या पात्राने मध्येच गाणे सोडून बोलायला लागावे तशी. निकाल कसाही लागलेला असो, त्या दोन-तीन मिनिटांत लूच्या तोडीचे या स्पर्धेत दुसऱ्या कोणी वाजवले नाही.

लयीबद्दल असे की शोपँ आपल्या शिष्यांना सांगत असे की डावा हात वाद्यवृंदाच्या संचालकासारखा ठाम राहिला पाहिजे आणि उजव्या हाताने हवे तसे पुढेमागे व्हावे. तबल्याचा ठेका चालू असताना गवई बोल मागे खेचतो आणि समेवर बरोबर येऊन मिळतो, ते आपण रोजच ऐकतो. म्हणूनच तुम्हाला सैल वाटूनही सम चुकल्यासारखे वाटले नाही.

पेटीवाले

ठेक्याचे पटले. उद्या सकाळी मनाने ताजे असताना पुन्हा ऐकतो. आणि दोन्ही हात एकच ओळ वाजवतात ती जागा मला पहिल्याच वेळी बरोबर सापडली होती, हे नमूद करतो.

खर्ज

काका, लयीचे खरे दुखणे पाहायचे तर मझुर्का ऐका. तीन मात्रांचा पोलिश लोकनृत्याचा ठेका, पण जोर पहिल्या मात्रेवर नसून कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या मात्रेवर. चार्ल्स हाले या समकालीन वादकाने शोपँला तोंडावर सांगितले होते की तुम्ही तीनऐवजी चार मात्रा वाजवता, इतका एक स्वर ताणला जात असे, आणि मोजून दाखवल्यावर शोपँला हसून ते मान्य करावे लागले. परदेशी वादकांची खरी परीक्षा तिसऱ्या फेरीत इथे होते. यंदा मझुर्कांचे पारितोषिक पोलंडच्या येहुदा प्रोकोपोविच याला मिळाले आणि तो अंतिम फेरीत नव्हता! करवीरकरांनी यावर विचार करावा.

सोनचाफा

पियानोंविषयीही थोडे लिहा ना. आमच्या घरी जुना उभा पियानो आहे आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात तो दरवर्षी उतरतो, पट्ट्या फुगून अडकतात. सूर लावणारा माणूस बाहेरगावाहून बोलवावा लागतो. तो येईपर्यंत मुलगी चिडून कीबोर्डवर सराव करते.

करवीरकर

ताई, यंदा रंगमंचावर स्टाइनवे, यामाहा, शिगेरू कावाई, फात्झिओली आणि बेखश्टाइन अशा पाच कंपन्यांची वाद्ये होती. प्रत्येक स्पर्धकाला निवडीसाठी पंधरा मिनिटे मिळतात. पाच वेगवेगळी वाद्ये, रिकामे सभागृह, आणि पंधरा मिनिटांत आपल्या पुढच्या तीन आठवड्यांचा निर्णय. प्रत्येक कंपनीचे तंत्रज्ञ रात्री उशिरापर्यंत हातोड्यांवरची लोकर टोचत बसलेले असतात, कारण लोकर घट्ट असेल तर आवाज कर्कश येतो आणि सुईने सैल केली की मऊ होतो. २०२१ साली ब्रूस लिऊ जिंकला तेव्हा फात्झिओलीचे नाव त्याच्याइतकेच गाजले होते. पावसाळ्याबाबत मात्र वॉर्सावाल्यांकडे उपाय नाही. खोलीतली आर्द्रता शक्य तितकी सारखी ठेवणे आणि पियानो बाहेरच्या भिंतीपासून दूर ठेवणे एवढेच आपल्या हातात आहे.

गांधीनगरकर

एवढा वेळ नुसता वाचत होतो. पोलंड आणि कोल्हापूर यांचा विषय निघाला असताना कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा उल्लेख कोणीच केला नाही, म्हणून लिहितो.

१९३९ नंतर नाझींनी पोलंडमध्ये शोपँच्या जाहीर वादनावर बंदी घातली. वॉर्साच्या लाझेन्की बागेतला त्याचा पुतळा १९४० साली सुरुंग लावून उडवला. १९४२ साली व्हायची होती ती स्पर्धा झालीच नाही. दुसऱ्या बाजूला सोव्हिएत फौजांनी पूर्व पोलंडमधून जी कुटुंबे सायबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलली होती, त्यांतली काही इराणमार्गे भारतात आली आणि १९४३ पासून १९४८ पर्यंत त्यांतले सुमारे पाच हजार लोक आपल्या वळिवडे छावणीत राहिले, बहुतांश बायका आणि मुले. तिथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. ते गेल्यावर त्याच जागेत फाळणीनंतर आलेली आमची सिंधी कुटुंबे वसली आणि त्याचे गांधीनगर झाले. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे, आणि वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे, जिथे २०२४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या पंतप्रधानांनी फुले वाहिली.

युद्धानंतरची पहिली स्पर्धा १९४९ साली झाली तेव्हा फिलहार्मोनिकचे सभागृह अजून पडलेलेच होते, म्हणून ती दुसऱ्या नाट्यगृहात घ्यावी लागली. त्या वर्षी परीक्षकांना पडद्याआड बसवून वादकांची नावे न सांगता ऐकवले होते, आणि पहिला क्रमांक पोलंडच्या हालिना चेर्नी-स्तेफान्स्का आणि सोव्हिएत संघाच्या बेला दाविदोविच यांना विभागून मिळाला. पडद्याआडून ऐकण्याची ती पद्धत यंदा असती तर ना लीड्सचा प्रश्न आला असता, ना गुरूंचा.

कोमल निषाद

गांधीनगरकर, पडद्याची कल्पना मी उचलून धरतो. किमान पहिल्या दोन फेऱ्या तरी तशा व्हाव्यात.

खर्ज

पडदा लावला तरी गुरूला आपल्या शिष्याचा हात तीन मिनिटांत ओळखू येतो. आपल्याकडे नाही का, नुसता षड्ज लावला तरी घराणे कळते? उलट पडद्यामुळे त्याला गुण न देण्याचे बंधनही पाळता येणार नाही, कारण समोर कोण आहे हे अधिकृतपणे त्याला माहीतच नसेल. आजचा उघडा तक्ता मला त्याहून बरा वाटतो.

सोनचाफा

खर्ज यांचा मुद्दा मला पटला, जरी माझी शंका पुरती गेलेली नाही. माझ्या मुलीने चारही फेऱ्यांतले तुकडे ऐकले आणि तिच्या मते कुवाहारा पहिली यायला हवी होती. कारण विचारले तर म्हणाली, तिचे ऐकताना पियानो कठीण आहे हे आठवत राहते आणि तरी ती जिंकते, लूचे ऐकताना ते आठवतच नाही. आता हे लूच्या बाजूने झाले की विरुद्ध, हे तुम्हीच ठरवा.

करवीरकर

सोनचाफाताई, मला ते लूच्या बाजूने वाटते आणि कोमल निषाद यांना विरुद्ध वाटेल, यावर पैज लावायला तयार आहे. प्रोकोपोविचबाबत खर्ज यांनी केलेला वार मात्र मी स्वीकारतो तो माझ्याच बाजूचा म्हणून. मझुर्कांत सर्वांत सरस ठरलेला वादक अंतिम अकरांत नसतो, हीच सरासरीची किंमत आहे. एका गोष्टीत कमाल गाठणाऱ्यापेक्षा सर्व गोष्टींत चांगला असणारा तिथे पुढे जातो.

काही जणांनी व्यक्तिगत निरोपातून ऐकण्याचा क्रम विचारला आहे. सर्व वादन यूट्यूबवर स्पर्धेच्या अधिकृत वाहिनीवर विनामूल्य आहे. आधी प्रोकोपोविचच्या तिसऱ्या फेरीतील मझुर्का ऐकाव्यात, मग ट्यानयाव ल्यूचा ई मायनर, मग लूचा एफ मायनर, तोही शेवटपर्यंत, कारण तिसऱ्या चालीत व्हायोलिनवाले धनुष्याच्या लाकडी बाजूने तारांवर टकटक करतात आणि थोड्या वेळाने हॉर्नची एक हाक येते, तिथून पुढे सगळेच उजळते. चेन आणि वांग त्यानंतर.

पेटीवाले

हॉर्नची हाक ऐकली. तिथपर्यंत लू मला फार आवडला होता, पण त्यानंतरच्या धावपळीत ल्यू त्याला भारी पडेल असे माझे मत आहे. ई मायनरचा शेवट आणि एफ मायनरचा शेवट यांची तुलना करणे योग्य नाही असे कोणी म्हणणार असेल तर आधीच सांगतो, परीक्षकांनी तेच तर केले आहे.